साठवण-नियंत्रकाच्या घटना-नोंदी आणि यंत्रदोषांचे निदान

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या प्रवेश, परीक्षा व ग्रंथालयविषयक नोंदी पुष्कळदा एकाच सर्व्हरवर साठविलेल्या असतात. एखादी डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी यासाठी रेड पद्धतीचा अवलंब केला जातो. ही संकल्पना बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. परंतु याच पद्धतीमुळे दोष वापरकर्त्याच्या नजरेआड राहतो. काम सुरळीत चालू असते आणि बिघाडाची साक्ष केवळ नियंत्रकाच्या इव्हेंट लॉगमध्ये उरते. या लॉगच्या वाचनाची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदींवरून निदान :
नोंदीत घटनेची वेळ, तीव्रता, डिस्कचा क्रमांक व वर्णन असते. मेगारेड नियंत्रक प्रत्येक डिस्कसाठी ‘मीडिया एरर’, ‘अदर एरर’ व ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ असे स्वतंत्र गणक ठेवतो. त्यावरून पुढील अनुमाने करता येतात.

१) एकाच डिस्कची मीडिया एरर वाढत असल्यास त्या डिस्कचाच पृष्ठभाग खराब होत आहे, असे समजावे.

२) मीडिया एरर शून्य असून अदर एरर वाढत असल्यास केबल, जोडणी व वीजपुरवठा प्रथम तपासावेत. डिस्क बदलूनही त्याच खणात त्रुटी येत राहिल्यास दोष बहुधा डिस्कबाहेर असतो.

३) कॅशची बॅटरी क्षीण झाल्याची नोंद असल्यास नियंत्रक सामान्यतः राइट-बॅक पद्धत सोडून राइट-थ्रू पद्धतीवर येतो. सर्व्हर अचानक मंदावण्याचे कारण येथे सापडू शकते.

दुर्लक्षाचे परिणाम :
रेड-५ मध्ये एक डिस्क गेल्यानंतर पुनर्बांधणीसाठी उरलेल्या सर्व डिस्क वाचाव्या लागतात. अशा वेळी दुसऱ्या डिस्कवरील दुर्लक्षित मीडिया एरर आड आल्यास तेवढी माहिती नियंत्रकाला परत उभी करता येत नाही. म्हणून डिस्कचे पार्श्वभूमीवर वाचन करून दोष शोधणारी ‘पेट्रोल रीड’ ही सुविधा चालू ठेवणे आवश्यक ठरते.

मर्यादा :
गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार पहिली स्कॅन एरर आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. तथापि, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख स्मार्ट संकेतांपैकी एकही दिला नव्हता. अर्थात, लॉगमधील मौन हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.

निष्कर्ष :
लॉगचे साप्ताहिक वाचन, गणकांतील वाढीची तारीखवार नोंद आणि स्वतंत्र ठिकाणी ठेवलेला बॅकअप या तिन्ही गोष्टी परस्परपूरक आहेत. वाचनाची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे सोपविल्यास बिघाडाची चाहूल वेळीच लागण्याची शक्यता वाढते. विद्यार्थ्यांच्या नोंदींचे रक्षण हे केवळ तंत्रज्ञाचे नव्हे, तर संस्थेचेही दायित्व होय.