चंद्रपूरच्या उन्हाळ्यात इटालियन रेड वाइन

इटलीची चांगली रेड वाइन वर्षे गेली की खुलते, हे आपण ऐकलेले असते. ते खरेच आहे. पण त्यासाठी ती सगळी वर्षे बाटली 12 ते 14 अंश सेल्सिअसच्या आसपास, अंधारात, न हलता पडून राहावी लागते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो आणि नवतपात रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. म्हणून आपल्याकडे हा विषय चवीपासून सुरू करून चालत नाही, बाटली ठेवायची कुठे इथपासून सुरू करावा लागतो. महागाची बाटली इथे एका उन्हाळ्यात वाया जाते आणि उघडणाऱ्याला वाटते, इटालियन वाइन अशीच लागत असेल.

आधी कायद्याचे बोलू. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, ती 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासूनची दारूबंदी आजही आहे. ती लोकांच्या, त्यातही बायांच्या चळवळीतून आलेली आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. सावलीच्या रस्त्याने वैनगंगेच्या पुलापलीकडे जाताना गाडीत बाटली असता कामा नये, भेट म्हणूनही नाही. चंद्रपुरातही वाइन विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. चव ओळखायला पन्नास मिलिलिटर पुरते. पुढचे सगळे तेवढ्याच मापाने वाचावे.

आता बाटली निवडू. सगळी रेड वाइन मुरण्यासाठी नसते. दुकानातली बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते आणि ती ठेवून दिली तर फक्त शिळी होते. मुरण्याची ताकद टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा गर या तीन गोष्टींवर ठरते. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या ओक लाकडातून वाइनमध्ये उतरणारे तुरट द्रव्य. जंगलाजवळ राहणाऱ्याला ते वेगळे समजवावे लागत नाही. कच्चे टेंभरू चावल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडून आखडतात, ते टॅनिनच. हिरडा या फळातही तेच असते, म्हणून तर कातडे कमवायला हिरडा वापरतात.

इटलीतली चार नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. बारोलो ही वायव्येकडच्या पिएमाँते प्रांतातली, नेब्बियोलो द्राक्षाची. तोडणीनंतर किमान 38 महिने, त्यांतले 18 लाकडी पिंपात, ठेवल्याशिवाय ती विकता येत नाही. ब्रुनेल्लो दी माँताल्चिनो ही टस्कनीतली, निव्वळ सांजोव्हेसे द्राक्षाची. 2019 च्या तोडणीची ब्रुनेल्लो 1 जानेवारी 2024 च्या आधी बाजारात येऊ शकत नव्हती. किआंती क्लासिको हीसुद्धा टस्कनीचीच. तिच्यात किमान 80 टक्के सांजोव्हेसे असते आणि बाटलीवर काळ्या कोंबड्याची खूण असते. चौथी आमारोने. हिच्यासाठी द्राक्षे तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर सुकवतात आणि मग गाळतात. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात मोहफुले वाळताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पाणी उडून गोडी दाट होणे म्हणजे काय हे माहीतच आहे.

आयात बाटली शुल्कामुळे फार महाग पडते. शिकायला जवळचा आणि खरोखर चांगला रस्ता आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली नावाची वायनरी आहे. इटलीतले सेक्की बंधू, सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती उभी केली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. टस्कनीचे पिएरो मासी हे तिथले वाइनकर्ते. त्यांनी टस्कनीचे सांजोव्हेसे माळशिरस तालुक्याच्या मातीत लावले. ‘सेत्ते’ ही तिथली मुख्य रेड वाइन, सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षांची. पहिली बाटली हीच घ्यावी असे माझे मत आहे. बारोलोवर पैसे घालण्याआधी सांजोव्हेसेची ओळख इथे होते, आणि चूक झाली तर ती परवडते.

लेबलावरचे साल म्हणजे द्राक्षतोडणीचे साल. इटलीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. त्यामुळे एकाच सालाची आपली वाइन इटलीच्या वाइनपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी असते.

खरेदी हिवाळ्यात करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. बाटली दुकानात येण्याआधी ट्रकमध्ये आणि गोदामात किती तापली हे आपल्याला कळत नाही. निदान आपल्या हातून तरी ती तापू नये. नागपुराहून चंद्रपूरला येताना मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाटली ठेवून वाटेत जेवायला थांबलात, तर त्या तासाभरात तिचे नुकसान होऊन जाते.

दुकानात बाटली हातात घेतली की मानेकडे बघा. बूच काचेच्या कडेच्या वर आले आहे का? वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का? वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का? उष्णतेने द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, थोडी वाइन बाहेर येते आणि थंड झाल्यावर त्याच वाटेने हवा आत शिरते. यांतले एकही लक्षण दिसले तर बाटली परत ठेवावी. फळीवरच्या ट्यूबलाइटखाली किंवा काचेच्या दारामागे उन्हात उभी असलेली बाटलीही घेऊ नये. प्रकाशानेही वाइन बिघडते.

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू होते आणि बहुतेक चुका इथेच होतात. बाटली दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी ठेवली जाते. उभी ठेवल्याने बूच आतून सुकते, आकसते आणि हवेला वाट मिळते. म्हणून बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे वाइन बुचाला भिजवत राहते. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी राहिली तरी चालते.

दुसरी चूक स्वयंपाकघरात, गॅस किंवा फ्रीजच्या वर ठेवण्याची. फ्रीजच्या मागून सतत गरम हवा वर येते आणि यंत्राची थरथर गाळाला स्थिर होऊ देत नाही. तिसरी चूक कूलरवर विसंबण्याची. कूलरची खोली आपल्या अंगाला गार वाटते, पण मे महिन्याच्या दुपारी ती तिशीच्या आसपास किंवा वरच असते, आणि कूलर बंद झाला की पुन्हा तापते. वाइनला कायमच्या उष्णतेइतकाच हा रोजचा चढउतार बाधतो. साधारणपणे दर 10 अंशांना रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास वाढतो, पण त्याचा अर्थ बाटली लवकर मुरते असा नाही. तापलेल्या वाइनमध्ये वेगळ्याच क्रिया सुरू होतात. फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या जॅमचा वास येतो आणि तो पुन्हा कधी जात नाही.

मग ठेवायची कुठे? मातीच्या जाड भिंतींचे जुने घर असेल तर आतल्या, उत्तरेकडच्या, खिडकी नसलेल्या खोलीत जमिनीलगत, पेटीत गुंडाळून ठेवावी. आधी तिथे कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक आठवडाभर लावून बघा. आकडा 25 च्या वर जात असेल तर ती जागा फक्त हिवाळ्यापुरती. वर्षानुवर्षे मुरवायची असेल तर वाइनसाठीचा छोटा फ्रीज घ्यावा लागतो. त्यात तापमान 12-14 वर राहते आणि थोडी आर्द्रताही टिकते.

तो नसेल तर घरचा फ्रीज. तिथे 4-5 अंश असतात, हवा कोरडी असते आणि मुरणे जवळजवळ थांबते. पण नाश होत नाही. एक उन्हाळा काढायला, भाजीच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, हा मार्ग चालतो. वर्षानुवर्षे नाही, कारण बूच सुकते आणि लसणाच्या चटणीचा वास आत उतरतो. यांपैकी काहीच जमत नसेल तर वाइन मुरवण्याचा हट्ट सोडावा. नोव्हेंबरात आणावी, होळीच्या आत संपवावी. चंद्रपूरच्या बहुतेक घरांसाठी मी हाच सल्ला देईन.

बाटलीत पडल्या पडल्या नेमके काय होते? बुचातून अगदी सूक्ष्म हवा जात राहते. टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटून मोठे होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मऊ पडतो आणि रंग जांभळट लालवरून विटकरीकडे जातो. मोहाची दारू किंवा व्हिस्की बाटलीत अशी बदलत नाही, कारण उकळून काढलेल्या दारूत टॅनिन आणि रंगद्रव्यांचा हा साठा नसतो.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाला जाईल. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे पुस्तकात असते. ती खोली युरोपातली, दगडी भिंतींची, 16 ते 18 अंशांची. आपल्या खोलीच्या तापमानाला ती दिली तर नाकात नुसता अल्कोहोल भरतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग काढावी, आणि उन्हाळ्यात पेला भरतानाही थोडीच ओतावी, कारण दहा-पंधरा मिनिटांत ती पुन्हा तापते.

बूच काढताना स्क्रू मधोमध आणि सरळ घालावा. जुने बूच ठिसूळ असते, घाईत तुटते. तुटलेच तर स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या, वाइन खराब होत नाही. मग काचेच्या जगमध्ये संथ धारेने ओता, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा. कोवळ्या, तुरट वाइनला जगमध्ये तासभर हवा लागू द्यावी. फार जुन्या वाइनला नाही, तिचा वास पटकन उडतो.

चाखण्याआधी खोलीचा बंदोबस्त करा. उदबत्ती, फोडणी, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या यांतले काहीही असेल तर वाइनचा वास मिळणार नाही. पेला मोठ्या पोटाचा, आत झुकणाऱ्या काठाचा हवा. साबणाचा वास जाईपर्यंत तो नुसत्या पाण्याने धुवा आणि एक तृतीयांशच भरा.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंगाची कड बघा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गडद म्हणजे भारी असे नाही. नेब्बियोलो रंगाने फिकट असते, आणि बारोलो तरीही जगातल्या सर्वांत टिकाऊ वाइनपैकी एक आहे.

मग न हलवता एकदा वास घ्या, पेला फिरवून पुन्हा घ्या. वर्णनात चेरी, टार, व्हायोलेट असे शब्द येतात आणि आपल्याकडचा माणूस तिथेच अडतो. जे कधी हुंगले नाही ते सापडणार कसे? आपल्या नाकाला जे माहीत आहे त्याची नावे द्या. कोवळ्या सांजोव्हेसेत आंबटगोड करवंद, जांभूळ, आलुबुखार शोधा. मुरलेल्या वाइनमध्ये वाळलेल्या मोहफुलाचा बेदाण्यासारखा वास, तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर उन्हात पसरलेल्या पुड्यांचा, तंबाखूच्या जवळ जाणारा वास, पहिल्या पावसानंतर सागाच्या पाचोळ्याचा वास सापडू शकतो. इटलीतले लोक त्याच वासाला भूछत्र आणि ओली पाने म्हणतात.

दोषही नाकानेच कळतात. ओल्या, कुबट पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचातल्या बुरशीजन्य द्रव्याचा दोष. तो हवेने जात नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा झोंबरा वास म्हणजे वाइन आंबली. तपकिरी रंग आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरली.

घोट लहान घ्या, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी आणतो, टॅनिन हिरड्या कोरड्या करते. दोन्ही ओळखा, पण एकमेकांत मिसळू नका; नवशिक्याची सर्वांत मोठी गल्लत हीच असते. मग थुंका किंवा गिळा आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघा. चांगली मुरलेली वाइन गिळल्यावरही बदलत राहते.

सोबत सावजी रस्सा नको. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही जास्त झोंबतात. मिठावर भाजलेले मटण उत्तम, कारण मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला टॅनिन चिकटते आणि तोंडाला मऊ लागते. पावसाळ्यात बाजारात सात्या, म्हणजे रानातली भूछत्रे, येतात, त्या कमी मसाल्यात परतल्या तर मुरलेल्या सांजोव्हेसेशी फार छान जुळतात.

उरलेली वाइन बूच लावून, उभी, फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चांगली राहते, त्यानंतर पिऊ नये, मटण मुरवायला वापरावी. आणि जमलेच तर एकाच सालाच्या तीन बाटल्या घ्या. एक लगेच उघडा, एक पुढच्या हिवाळ्यात, एक त्याच्या पुढच्या. दर वेळी रंग, वास आणि तुरटपणा वहीत लिहून ठेवा. आपली जागा वाइन जपते की जाळते, हे तिसऱ्या बाटलीपर्यंत कळून येते, आणि मगच बारोलोचा विचार करावा.