पडल्या पडल्या पंचवीस!

पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, कुणीतरी गॅलरीतली आरामखुर्ची उचलून तिला तीन चाकं ठोकलीत. पुढे दोन, मागे एक. माणूस त्यात मागे रेलून बसतो, पाय समोर लांब करतो आणि नाकासमोर फिरणारी पायडलं मारतो. हँडल मांडीच्या दोन्ही बाजूंना, खुर्चीच्या हातांच्या जागी. बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. शेजारून कुत्रा गेला, तर तो डोळ्यात डोळे घालून बघतो. हिला म्हणतात रिकम्बंट ट्राइक. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला राहणारा माझा मावसभाऊ तिला म्हणतो ‘खाट’.

दादा मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणणारा. पुढे आयटी, मग परदेश, मग रोज दहा तास खुर्चीत. चौतिसाव्या वर्षी कमरेतली चकती सरकली. (आपल्यापैकी किती जण त्याच रस्त्याला लागलेत, ते आपल्या पाठीलाच ठाऊक.) तिथल्या डॉक्टरांनी वाकून चालवायची रेसिंग सायकल बंद केली. सायकलिंग बंद केलं नाही! हा फरक डच माणसालाच सुचू जाणे. आडव्या सायकलीत शरीराचा भार पाठीवर आणि सीटवर पसरतो, मनगटं आणि मान सुटी राहतात. म्हणून ही सेकंडहँड खाट घरात आली.

प्रश्न आला तो वेगाचा. ऑफिसातली सात-आठ जणांची टोळी रविवारी सायकलवर निघायची. त्यांचा सरासरी वेग ताशी पंचवीस, दादाचा एकोणीस. प्रत्येक चौकात सगळे थांबून त्याची वाट बघायचे. आधी हसत, मग घड्याळ बघत. मग एका रविवारी त्याला निरोपच आला नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा ‘लिंबूटिंबू’ व्हावं लागलंय, त्याला विचारा कसं वाटतं ते. दादाने आकडा ठरवला: पंचवीस. मोटर न लावता.

मी तेव्हा तीन आठवडे त्याच्याकडे राहायला होते. माझ्याकडे आलं खडू धरायचं काम. ते कसं, सांगतेच.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. आडवी सायकल मुळातच हळू असते असं नाही. १९३३ सालच्या जुलैत पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या रेसरने दोनचाकी आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४पासून टिकलेला ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. सायकल होती शार्ल मोशे यांची. त्यांनी आधी मुलासाठी पायडलवर चालणारी चारचाकी बनवली होती, त्यातूनच ही कल्पना निघाली. सायकल जगताने टाळ्या वाजवल्या? छे. १९३४मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रेसच्या सायकलची अशी व्याख्या केली, की आडवी सायकल बाहेरच पडली. तेव्हापासून हा सगळा खेळ हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये चालू आहे. त्या गॅरेजांनी काय केलं? २०१६ साली अमेरिकेतल्या नेवाडामध्ये टॉड राइकर्ट या कॅनेडियन माणसाने पूर्ण कवचबंद दोनचाकी आडव्या सायकलवर ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. निव्वळ पायांच्या जोरावर.

ट्राइकचं दुखणं वेगळं. तिसरं चाक म्हणजे घासणारा आणखी एक टायर. वजन पंधरा ते वीस किलो. आणि चढावर उभं राहून पायडल मारणं शक्यच नाही. मग वेग वाढवायचा कुठून? दादाचं म्हणणं साधं होतं. वेग वाढवायचा नाही, गळती बंद करायची. इंजिनिअरच तो!

गळती मोजायला त्याने कालव्यावरचा एक पूल निवडला. त्या सपाट देशात चढ-उतार म्हणजे कालव्यावरचे पूलच. पहाटे, वारा पडलेला असताना, पुलाच्या माथ्यावरून पायडल न मारता ट्राइक सोडायची. जिथे थांबेल तिथे मी खडूने रेघ मारायची. तोच पूल, तेच जॅकेट, नाश्त्याच्या आधीच. एका वेळी एकच बदल. मग पुन्हा रेघ.

पहिला बदल फुकटातला. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत का, हे टेपने मोजायचं. ॲक्सलच्या उंचीवर रिमपासून रिमपर्यंतचं अंतर आधी पुढच्या बाजूला घ्यायचं, मग मागच्या. दादाच्या ट्राइकमध्ये पुढचं अंतर पाच मिलिमीटरने कमी भरलं. पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. त्याने कागदावर गणित मांडून दाखवलं. प्रत्येक चाक इतकं तिरकं, की किलोमीटरभर पुढे जाताना ते सहा मीटर आडवं घासत जातं. दोन्ही चाकं, रोज, ऑफिसपर्यंत! नव्या टायरची कड खडबडीत का झाली होती, तेही कळलं. चाकं जोडणारी सळई फिरवून फरक एका मिलिमीटरवर आणला, हवा टायरवर छापलेल्या मर्यादेजवळ भरली. माझी रेघ अकरा पावलं पुढे सरकली. खर्च शून्य. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भन्नाट क्षण हाच.

दुसरा बदल टायरचा. पंक्चर होऊ नये म्हणून त्याने जाडजूड टूरिंगचे टायर लावले होते. ते काढून गुळगुळीत, हलके टायर टाकले. श्वाल्बे कंपनीच्या त्या टायरचं नाव आहे कोजॅक, एका टकल्या टीव्ही डिटेक्टिव्हचं. आणखी एकोणीस पावलं. पण पंक्चरची भीती वाढली, हेही लिहायला हवं. पुढच्याच आठवड्यात काच घुसली आणि दादा ऑफिसला उशिरा पोचला.

चेन आणि गिअरचं काही खडूला कळत नाही, कारण पायडल मारतच नाही ना. चेन या सायकलला साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट लांब लागते, मधे कप्पीवरून आणि नळ्यांमधून जाते. ती एका दुपारी उतरवून धुतली. नंतरची खरखर थांबली एवढं कानाला नक्की कळलं.

मग दादा मोहात पडला. पुढचं चेनव्हील ४४ दातांचं होतं, त्याने ५२चं आणलं. मागचं चाक वीस इंची, त्यामुळे गिअर तसा ठेंगणाच. कागदावर हिशेब झकास होता. मिनिटाला ८५ फेऱ्या मारल्या, तर आधी ताशी एकतीस मिळायचे, आता सदतीस. प्रत्यक्षात? पाठीवर वारा असेल किंवा पूल उतरायचा असेल तेव्हाच तो गिअर कामाला आला. गिअर वेग देत नाही, पाय वेग देतात. वहिनीने बिल बघितलं आणि एवढंच म्हणाली, “दातांचा एवढा खर्च डेंटिस्टकडेही झाला नसता.”

खरा शत्रू होता वारा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वीसवरून पंचवीसवर जायचं, तर त्या कामाला जवळजवळ दुप्पट जोर हवा, आणि तीसवर जायचं तर तिपटीहून जास्त. म्हणून एकोणीसवरून बावीसवर येणं सोपं गेलं आणि पुढचे तीन जीव काढणारे निघाले. दादाने सीट आणखी मागे झुकवली, दोन्ही बाजूंच्या फडफडणाऱ्या पिशव्या काढून सीटमागे एकच निमुळती बॅग लावली. क्रँक आखूड केले, म्हणजे गुडघे कमी वर येतात आणि फेऱ्या भराभर पडतात. सीट झुकवल्यावर मान अवघडायला लागली, मग डोक्याला टेकू आला. एक दुरुस्त केलं की दुसरं दुखतं, असं आठवडाभर चाललं. पायांचं म्हणाल तर आडवं पडून जोर लावायला मांड्यांना नव्याने शिकावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. हे दुकानात मिळत नाही.

आता गंभीर गोष्ट. युट्रेक्टमध्ये डाफ्ने स्खिपर्स या धावपटूच्या नावाचा एक सायकल-पूल आहे. त्याचा एका बाजूचा उतार चक्क एका शाळेच्या छपरावरून वळसा घेत खाली येतो. नव्या टायरच्या जोशात दादा त्या वळणावर जरा जास्तच वेगात शिरला आणि आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी मागून बघत होते, पोटात गोळा आला. साधी सायकल वळणावर कलते, ट्राइक कलत नाही. तिच्यात माणसाने स्वतः आतल्या बाजूला झुकायचं असतं. तो झुकला, चाक खाली आलं. वहिनीला आम्ही सांगितलं नाही. हा अंक तिच्याकडे पोचेल, तेव्हा कळेलच.

दुसरा धोका पायांचा. वेगात असताना पाय पायडलवरून घसरून जमिनीला टेकला, तर ट्राइक पुढे जात राहते आणि पाय खाली ओढला जातो. म्हणून पायडलला अडकणारे बूट हवेतच, ते हौसेचं सामान नाही. ब्रेकही पुढच्या दोन चाकांना वेगवेगळे असतात. एकच जोरात दाबला की गाडी त्या बाजूला ओढते. वेग वाढवायच्या आधी हे सगळं हाताला-पायाला माहीत असायला पाहिजे, नाहीतर चकती सरकलेली पाठ घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर.

“अरे दादा, सरळ मोटर लाव ना,” मी एकदा जेवताना म्हटलंच. युरोपात २५० वॅटची मोटर चालते आणि पंचवीसला ती आपोआप थांबते. म्हणजे नेमका त्याचा आकडा! त्याहून वेगवान, पंचेचाळीसपर्यंत जाणाऱ्या ई-सायकलींना नेदरलँड्समध्ये २०१७पासून मोपेड धरतात. त्यांना नंबरप्लेट, विमा, हेल्मेट सगळं लागतं. आपल्याकडेही २५० वॅटच्या आतली, पंचवीसच्या आत चालणारी सायकल रजिस्ट्रेशनशिवाय चालते.

“अगं, डॉक्टरांना माझे पाय चाललेले हवेत, बॅटरी नाही,” दादा म्हणाला.

मला त्याचं पूर्ण पटलं नाही. चढाचं गाव असेल, गुडघे गेले असतील, तर मोटरमध्ये कमीपणा कसला? फक्त चाकं तिरकी ठेवून मोटर लावली, तर बॅटरीतला काही भाग टायर घासण्यातच जाणार, एवढं मात्र मी त्या खडूकडून शिकले.

मी परतल्यावर दोन महिन्यांनी त्याचा मेसेज आला. एकटा असताना सरासरी चोवीस. टोळीने पुन्हा बोलावलं, किंवा खरं सांगायचं तर त्यानेच निर्लज्जपणे फोन केला. पुलांच्या चढावर तो अजूनही मागे पडतो. पण समोरून वारा सुटला, आणि तिथे तो नेहमीच सुटतो, की सरळ बसलेले सगळे धापा टाकतात आणि खाट पुढे निघून जाते. मग चौकात थांबून घड्याळ तो बघतो.

सध्या नवीन खूळ आहे. फ्लेव्होलँड प्रांतात ड्रोंटेन नावाचं गाव आहे, तिथे वेलोमोबाइल बनतात. म्हणजे हीच ट्राइक, पण अख्खी कवचात घातलेली, फक्त डोकं बाहेर. वजन वाढतं, पण वाऱ्याचा विरोध इतका घटतो, की सराईत माणूस सपाटीवर पस्तीस-चाळीसने जातो. दादा एका शनिवारी जाऊन बघून आला आणि किंमत सोडून बाकी सगळं वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही. टेप घेऊन खाली गेली आणि बिल्डिंगच्या सायकल-खोलीचं दार मोजून आली. चार बोटं कमी पडतंय.