करंट-मोड फिल्टर

करंट-मोड फिल्टर हा विद्युत संकेतातील ठरावीक वारंवारता पुढे जाऊ देणारा व इतर रोखणारा ॲनालॉग परिपथ आहे. यात संकेत विभवांतराऐवजी विद्युतप्रवाहाच्या रूपात असतो. अनेक प्रवाह एका बिंदूवर आणले की त्यांची बेरीज आपोआप होते. त्यासाठी वेगळा परिपथ लागत नाही. या पद्धतीचा एक मूलभूत घटक, करंट कन्व्हेयर, स्मिथ व सेद्रा यांनी १९६८ मध्ये मांडला.

== रचना ==
दोन ट्रान्सकंडक्टन्स प्रवर्धक व भूसंपर्कित दोन संधारित्रे यांपासून द्वितीय कोटीचा फिल्टर तयार होतो. द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांच्या प्रवर्धकाचा ट्रान्सकंडक्टन्स बायस प्रवाहाच्या समप्रमाणात असतो. बायस प्रवाह ५२ मायक्रोअँपिअर असता तो सुमारे १ मिलिसीमेन्स होतो. दोन्ही संधारित्रे १ नॅनोफॅरडची असल्यास मध्यवर्ती वारंवारता सुमारे १५९ किलोहर्ट्‌झ येते. दोन्ही प्रवर्धकांचा बायस प्रवाह दुप्पट केल्यास तीही दुप्पट होते. कोणताही घटक बदलावा लागत नाही.

== मर्यादा ==
हा ट्रान्सकंडक्टन्स निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे तापमान १० वरून ४० अंश सेल्सिअस झाल्यास वारंवारता सुमारे १० टक्क्यांनी घटते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; तेथे ही त्रुटी दुर्लक्षिता येत नाही. बायस प्रवाह निरपेक्ष तापमानाबरोबर वाढेल अशी योजना करून ती भरून काढतात.

== उपयोग ==
संकेताचे अंकीय रूपांतर करण्यापूर्वी ॲनालॉग फिल्टर आवश्यक असतो. अन्यथा उच्च वारंवारतेचा गोंगाट खऱ्या संकेतात मिसळतो व नंतर वेगळा करता येत नाही. औंढा नागनाथ येथील नियोजित लिगो-इंडियासारख्या वेधशाळांतही म्हणूनच ॲनालॉग फिल्टर लागतात.