ग्रीनहाउस आणि ग्रीन हाउस: जोर कुठे द्यायचा?

‘ग्रीनहाउस’ म्हणजे रोपं वाढवायचं काचेचं घर. ‘ग्रीन हाउस’ म्हणजे हिरव्या रंगाचं कुठलंही घर. इंग्रजी बोलताना मधली मोकळी जागा दिसत नाही, फरक कळतो तो आघातावरून, म्हणजे जोर कुठे पडतो त्यावरून. जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या भागावर, ‘ग्रीन’वर, नुसतं विशेषण आणि नाम असेल तर ‘हाउस’वर. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ च्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’मध्ये या दोन रचनांसाठी दोन वेगळे नियम मांडले. मराठीत आघातावरून असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हणतो.

जोडशब्दाची अक्षरं पाडतानाही आधी दोन शब्दांमधला सांधा शोधा. ‘हॉटहाउस’च्या स्पेलिंगमध्ये टी आणि एच शेजारी येतात, तरी ‘थ’ होत नाही, कारण सांधा त्या दोघांच्या मधून जातो.

जोराच्या नियमाला अपवाद भरपूर, आणि मला तेच जास्त आवडतात! ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये जोर ‘ऑक्सफर्ड’वर, पण ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये ‘रोड’वर. ‘ॲपल केक’मध्ये ‘ॲपल’वर, ‘ॲपल पाय’मध्ये मात्र ‘पाय’वर. याचं सरळ कारण सापडत नाही, ऐकूनच लक्षात ठेवावं लागतं.

जुन्या जोडशब्दांत दुसरा भाग पार झिजतो. ‘पोस्टमन’मधल्या ‘मॅन’चा स्वर पुसट होतो. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळून झालेल्या शब्दाचा उच्चार तर ‘कबर्ड’; त्यातला ‘प’ फक्त स्पेलिंगमध्ये उरलाय.