मंद लहरींचा ट्रान्समीटर, भाग ७ : ११६ की ११७?

या भागात लोडिंग कॉइल गुंडाळायची असं ठरलं होतं. ती एक आठवडा पुढे ढकलतो, कारण गेल्या भागातल्या सर्किटवर एका वाचकांनी काढलेली शंका सगळ्या रचनेच्या मुळाशी जाते. त्यांचं म्हणणं असं : १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा टायमर १३७ किलोहर्ट्झच्या आसपासची चौकोनी लहर सहज काढून देतो, मॉसफेटलाही चौकोनी लहरच हवी असते, मग मध्ये एडी९८५० ही जादाची चिप कशासाठी? माझं उत्तर एका वाक्यात सांगता येतं : मायक्रोकंट्रोलरकडे वेळ सोपवावी, फ्रिक्वेन्सी सोपवू नये. पण ते पटायचं तर हिशेब मांडायला हवा.

टायमर फक्त पूर्ण संख्येनेच भागतो. १६ मेगाहर्ट्झला ११६ ने भागलं तर १३७९३१ हर्ट्झ मिळतात, ११७ ने भागलं तर १३६७५२ आणि ११८ ने १३५५९३. हौशी रेडिओसाठी २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ठरवलेला पट्टा १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ एवढाच आहे. म्हणजे पहिला आकडा पट्ट्याच्या वर, तिसरा खाली आणि आत सापडतो तो एकटा मधला. ज्याला फक्त वाहक लहर चालू-बंद करून तीस-तीस सेकंदांच्या टिंबांनी संथ मोर्स पाठवायचा आहे, त्याला ही एक जागाही पुरते. तेवढ्यापुरतं वाचकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याला डब्ल्यूएसपीआर पाठवायचं आहे. पल्सारवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेल्या जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेल्या या पद्धतीत चार सूर असतात आणि शेजारच्या दोन सुरांत अंतर असतं जेमतेम १.४६ हर्ट्झ. टायमरची पायरी जवळजवळ १२०० हर्ट्झची. १३३ मेगाहर्ट्झचा वेगवान कंट्रोलर घेतला, तरी ती १४० हर्ट्झच्या खाली येत नाही.

यावर जाणकार म्हणतील, दोन्ही भाजक आलटून पालटून वापरा. कल्पना उत्तम आहे. १३७५०० हर्ट्झसाठी भाजक हवा ११६ पूर्णांक ४/११. म्हणून दर अकरा आवर्तनांपैकी सात ११६ ठोक्यांची आणि चार ११७ ठोक्यांची ठेवायची. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून पंचांग सूर्याशी जुळतं ठेवतात, तसाच हा मेळ. सरासरी अचूक येते, पण एकेक आवर्तन थोडं पुढे-मागे राहतं आणि त्यातून उपलहरी निघतात. अकरा आवर्तनांचा हा नमुना सेकंदाला १२५०० वेळा फिरतो, म्हणून त्या १२.५ किलोहर्ट्झ अंतरावर पडतात आणि अँटेनाची अरुंद अनुनादी कॉइल त्यांना बऱ्याच अंशी गाळते. मात्र फ्रिक्वेन्सी फक्त ०.१ हर्ट्झने सरकवली की एक उपलहर १२८ हर्ट्झवर येऊन बसते. तिथे कुठलीही कॉइल गाळणी होऊ शकत नाही. ती फार क्षीण असते, हे खरं. तरीही मूळ अडचण राहतेच : दर ११६ ठोक्यांत एकदा कामात खंड पाडून पुढचा भाजक ठरवायचा, बेरीज सांभाळायची, परत यायचं. जीपीएसकडून येणारी अक्षरं वाचायला एखाद्या वेळी उशीर झाला, की चुकीचं आवर्तन थेट हवेत जातं.

आता तोच मायक्रोकंट्रोलर वेळेच्या कामाला लावून पाहा. एका संदेशात १६२ चिन्हं, प्रत्येक ०.६८३ सेकंदांचं, एकूण ११०.६ सेकंद. क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० इतकी चूक असेल तर एवढ्या वेळात घड्याळ साडेपाच मिलिसेकंदांनी चुकेल. त्याने काहीच बिघडत नाही. तीच चूक फ्रिक्वेन्सीत उतरली तर जवळजवळ सात हर्ट्झ होते, म्हणजे सुरांमधल्या अंतराच्या चौपटीहून जास्त. ती स्थिर राहिली तर चालून जाईल. संदेश सुरू असताना सरकली, तर संदेश वाचता येणार नाही. त्यात आर्डुइनो उनोच्या प्रचलित आर३ बोर्डावर मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे. अर्धा टक्का चूक धरली तर हा आकडा ६८० हर्ट्झच्या पुढे जातो, आणि जगभरचे श्रोते ऐकतात ती खिडकी १३७.४ ते १३७.६ किलोहर्ट्झ, अवघी २०० हर्ट्झची. म्हणून उनो वापरणाऱ्यांनी वेळही दर संदेशाआधी जीपीएसवरून लावून घ्यावी.

एडी९८५० ला १२५ मेगाहर्ट्झचं घड्याळ दिलं की तिची पायरी ०.०२९ हर्ट्झ होते. तिच्याकडून दुप्पट, म्हणजे २७५ किलोहर्ट्झ घ्यायचे आणि फ्लिप-फ्लॉपने निम्मे करायचे : दोन्ही मॉसफेटना नेमकी अर्धी-अर्धी पाळी मिळते आणि दुसरी हार्मोनिक मुळातच दबते. सुरांमधलं अंतर मात्र प्रोग्राममध्ये २.९३ हर्ट्झ लिहायला विसरू नका. मायक्रोकंट्रोलरला उरतं ते १६२ वेळा चार आकड्यांपैकी एक पाठवणं, आणि ते तो चोख करतो. पुढच्या आठवड्यात कॉइल नक्की. तोवर सगळी चाचणी डमी लोडवरच करा, आणि आपल्या परवान्यात हा पट्टा आहे ना, हे आधी तपासून ठेवा.