वर्गातील धूळ आणि मुलाची धाप

वर्ग झाडला जात असता एखाद्या मुलास एकाएकी धाप लागते. हा आळस नव्हे आणि संसर्गजन्य रोगही नव्हे. अशा मुलाच्या शरीरात पुष्कळदा धुळीतील कणांविरुद्ध ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड तयार झालेले असतात. १९६६ साली डेन्व्हर येथे इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने ते ओळखले. श्वासनलिकांतील मास्ट पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना हे प्रतिपिंड चिकटून राहतात. पुन्हा तोच कण आत येऊन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडतो, तोच पेशी हिस्टामीन आदी द्रव्ये बाहेर टाकते, नलिका आवळतात. काही तासांनी इतर पेशी जमून सूज वाढवितात; यास्तव दुपारी शांत झालेले मूल रात्री पुन्हा धापू शकते. पालकांस ही कल्पना द्यावी. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, व त्या मुलाच्या हाती केरसुणी देऊ नये.