ज्यांनी एकमेकांना वाचलंच नव्हतं

गार पाण्यात हात घातला की काही जणांची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी. या विकाराला रेनो म्हणतात. त्यावर माशाचं तेल उपयोगी पडेल, असं 1986 साली छापून मांडणारे डॉन स्वॉन्सन डॉक्टर नव्हते. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, पेशाने शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ना कुणाचं रक्त तपासलं, ना कुणाला तेल पाजलं. मेडलाइन ही वैद्यकीय शोधनिबंधांची सूची, हीच त्यांची प्रयोगशाळा.

सूचीत निबंधाविषयीची माहिती असते: शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष, विषय. यालाच मेटाडेटा म्हणतात. ऐकायला रुक्ष, पण यातला ‘विषय’ हा रकाना भलता हुशार! एक संशोधक ‘कॅन्सर’ लिहितो, दुसरा ‘ट्यूमर’. शोधणाऱ्याने काय काय टाइप करायचं? म्हणून अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 पासून ठरावीक विषयशीर्षकांची ‘मेश’ नावाची यादी चालवली आहे. आज तिच्यात सुमारे 30,000 शीर्षकं आहेत, 16 मुख्य शाखांत एकाखाली एक लावलेली. ‘रक्तवाहिन्यांचे विकार’ मागितले, की त्याखालचा रेनो न सांगता हाती येतो. ही शीर्षकं लावायला कित्येक दशकं माणसं बसत, एकेक निबंध नजरेखालून घालत. आता ते काम संगणकाकडे गेलंय.

स्वॉन्सन यांनी या सूचीत दोन टोकांकडून शोध घेतला. रेनोवरचे निबंध सांगत होते: रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, त्यातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चटकन एकमेकींना चिकटतात, रक्तवाहिन्या आवळतात. माशाच्या तेलावरचे निबंध वेगळ्याच लोकांनी लिहिलेले. त्यांत होतं: या तेलाने रक्ताचा दाटपणा घटतो, बिंबिका कमी चिकटतात. मुलगा-मुलगी भेटलेली नाहीत, घरच्यांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि पत्रिका मात्र जुळताहेत, तसला हा प्रकार. दोन्हीकडचे संशोधक एकमेकांचे संदर्भ देत नव्हते. निम्मं उत्तर इथे, निम्मं तिथे, आणि दोन्ही कधीचीच छापून झालेली!

1989 मध्ये एक लहानशी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा रेनो दुसऱ्या आजारातून आलेला नव्हता, अशा रुग्णांना तेलाचा फायदा दिसला, इतरांना नाही. म्हणजे सूचीने शक्यता दाखवली, निकाल रुग्णांवरच्या चाचणीतूनच आला. हे योग्यच, नाहीतर सूचीत शेजारी दिसणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींची गाठ मारता येईल.

तोवर स्वॉन्सन पुढे सरकले होते. 1988 मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले, कुणी लक्ष न दिलेले 11 दुवे मांडले. मग मेंदूविज्ञानाचे संशोधक नील स्मॉलहायझर यांच्यासोबत ‘ॲरोस्मिथ’ नावाची संगणक-प्रणाली बनवली. दोन विषय तिला दिले, की दोन्हींकडच्या निबंधांच्या शीर्षकांत सामाईक असलेले शब्द ती काढून देते. त्यातले कामाचे कोणते, हे मात्र वाचणाऱ्यानेच ठरवायचं.